तुम्ही विचारलंत म्हणून: अद्भुत लिहिणारी बाई मॅच का बघते?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "ताई, तुम्ही शापित राजवाडे लिहिता, बोलणारी जंगलं लिहिता. मग पाच-पाच दिवस कसोटी सामने बघायला वेळ कसा मिळतो? आणि त्या टीव्हीवरच्या मालिका? त्यापेक्षा कादंबरीचा पुढचा भाग हातावेगळा करा की!" काही जण आपुलकीने विचारतात, काही थोड्या रागाने, कारण पुढच्या भागाची वाट बघून ते थकलेले असतात. दोघांनाही एकदा नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे. पुढच्या भागाबद्दलही सांगेन, पण शेवटी.

पुस्तक म्हणजे काम, खेळ म्हणजे विरंगुळा आणि टीव्ही म्हणजे वेळ घालवणं, अशी वाटणी विचारणाऱ्याच्या मनात आधीच झालेली असते. माझ्या मनात ती कधी झालीच नाही. कादंबरी, सामना आणि मालिका ही तिन्ही माणसाने मनातून उभी केलेली जगं आहेत. बावीस यार्डांची ती पट्टी पवित्र आहे असं निसर्गाने कुठे सांगितलेलं नाही. आपण ठरवलं, आणि ठरवल्यावर त्या पट्टीवर माणसं रडली, हसली, आयुष्यभरासाठी मोठी झाली किंवा खचली. अद्भुतकथा लिहिणाऱ्या कुणालाही यापेक्षा मोठं आश्चर्य दाखवता येणार नाही. म्हणून मी तिन्हींकडे एकाच नजरेने बघते: या जगाने स्वतःसाठी जो नियम केला, तो अंगाशी आला तरी पाळला का?

"अद्भुतकथेत काय, काहीही घडू शकतं," हे वाक्य मला फार खटकतं. जिथे काहीही घडू शकतं तिथे कशाचीच भीती उरत नाही. नायक कड्यावरून कोसळला आणि लेखिका हवा तेव्हा गरुड पाठवून त्याला झेलू शकते हे वाचकाला ठाऊक असेल, तर त्या कोसळण्यात काही जीव नाही. वेताळाच्या गोष्टी बघा. सोमदेवाने अकराव्या शतकात त्या कथासरित्सागरात गुंफल्या आणि आजही लहान मुलाला त्या सांगायला घेतल्या की ते जागचं हलत नाही. त्या गोष्टींचा सगळा डोलारा दोन अटींवर उभा आहे. प्रेत खांद्यावरून नेताना राजाने तोंड उघडायचं नाही, उघडलं की वेताळ परत झाडावर. आणि कोड्याचं उत्तर माहीत असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. दोन्ही अटी राजाला विरुद्ध दिशांना ओढतात. तो जितका शहाणा, तितक्या त्याच्या खेपा जास्त.

आणि मग शेवट येतो. बाप एका मुलीशी लग्न करतो आणि मुलगा त्या मुलीच्या आईशी. त्यांना मुलं झाली तर ती एकमेकांची कोण? राजाला हे उत्तर येत नाही. येत नाही म्हणून तो गप्प राहतो, गप्प राहूनही त्याचं डोकं शाबूत राहतं, आणि खेपा थांबतात. सुटका बाहेरून कुणी देव येऊन करत नाही, ती त्या दोन अटींतच पहिल्यापासून दडलेली होती. मला कथाशास्त्राचा एकच धडा शिकवायला सांगितला तर मी हाच शिकवेन. दूरदर्शनवर १९८५ मध्ये 'विक्रम और बेताल' आली, अरुण गोविल तिच्यात राजा झाले होते. त्या मालिकेचे देखावे आज साधे वाटतात. तरी ती पकडून ठेवते, कारण दोन्ही अटी तिने जशाच्या तशा ठेवल्या.

आता क्रिकेटकडे येते. क्रिकेटच्या नियमांत अपिलाचा एक नियम आहे, क्रमांक ३१. फलंदाज नियमाने बाद असला, तरी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने दाद मागितल्याशिवाय पंच त्याला बाद देऊ शकत नाही. पंचाला दिसलं आहे, ठाऊक आहे, तरीही कुणीतरी विचारेपर्यंत त्याने बोट वर करायचं नाही. हा मला थेट वेताळाच्या घराण्यातला नियम वाटतो. सत्य समोर आहे, पण ते उच्चारायला एक प्रश्न लागतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली ती मुकी न्यायदेवता, जिला लोक विचारतील तेवढंच सांगता येतं, ती इथूनच आली. पुराणातून आली असेल असं पुष्कळ वाचकांना वाटलं होतं.

कबड्डीत तर मृत्यूचा आख्खा कायदा लिहिलेला आहे. बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर जातो, आणि आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला तरच परत जिवंत होतो. तेही ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने. बोनसचा गुण मिळाला म्हणून कुणी जिवंत होत नाही. म्हणजे परत येण्याची किंमत ठरलेली आहे, ती दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते, आणि हुकमी खेळाडू असला तरी रांग मोडून आधी येता येत नाही. अद्भुतकथांमध्ये मेलेली पात्रं सर्रास परत येतात. तसं एखादं पान वाचताना मी मनात विचारते: कोण बाद झालं म्हणून हा आला? उत्तर नसेल तर मी पुस्तक मिटते. खोखोचंही तसंच. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा सटकतो. ज्याच्याकडे नऊ जणांचं बळ त्याच्या पायात नियमांच्या बेड्या, आणि ज्याच्यामागे सगळे लागलेत तो मोकळा. राक्षस कसा लिहावा, असं नवे लेखक मला विचारतात. मी त्यांना खोखोचा सामना बघायला सांगते, आणि ते मी अगदी मनापासून सांगते.

बास्केटबॉल मी फारसा बघत नाही, पण त्याच्या जन्माची गोष्ट मला अतिशय प्रिय आहे. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला बंद जागेत खेळता येईल असा खेळ हवा होता. त्याने १३ नियम लिहिले, पीच ठेवायच्या टोपल्या वर टांगल्या, आणि एक जग सुरू झालं. त्या जगात एक भोक राहून गेलं होतं. चेंडू हातात ठेवून वेळ काढायला मनाई नव्हती. १९५० मध्ये एका व्यावसायिक सामन्याचा निकाल १९-१८ असा लागला, कारण एका संघाने चेंडू नुसता धरून ठेवायचा डाव टाकला. शेवटी १९५४ मध्ये २४ सेकंदांचं बंधन आलं: एवढ्या वेळात बास्केटच्या दिशेने चेंडू टाकायलाच हवा. जाडजूड अद्भुत कादंबऱ्यांचे मधले भाग वाचताना मला तो १९-१८ चा सामना आठवतो. पात्रं चालत राहतात, शेकोटीभोवती बसतात, वंशावळी सांगतात. चेंडू हातात आहे, आणि तो टाकायला त्यांना कुणी भाग पाडत नाही.

पण नियमाच्या बाबतीत माझा सर्वांत मोठा गुरू म्हणजे महाभारतातलं सभापर्व, आणि तिथे तर मुळात खेळच चालू आहे. द्यूत सुरू झालं, युधिष्ठिर हरत गेला, भावांना हरला, स्वतःला हरला, मग द्रौपदीला पणाला लावून तिलाही हरला. तिला आणायला सेवक गेला तेव्हा तिने त्याला एक प्रश्न घेऊन परत पाठवलं: आधी कोणाला हरलात, स्वतःला की मला? साऱ्या सभेत हा एकच प्रश्न खेळाच्या आतून आलेला आहे. तिने दया मागितली नाही, चमत्कार मागितला नाही, डावाचा क्रम विचारला. जो स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा झाला, त्याला काही पणाला लावता येतं का? भीष्मांसारख्याला याचं सरळ उत्तर देता आलं नाही, धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून ते थांबले. दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण उठून म्हणाला की ती जिंकली गेलेलीच नाही, आणि त्याची कारणं त्याने एकामागून एक मांडली: राजा व्यसनाच्या भरात होता, ती पाचांची होती, तो स्वतः आधी हरला होता, आणि तिचं नाव काढलं ते शकुनीने. कर्णाने त्याला गप्प केलं.

मी हा प्रसंग कितीदा वाचला याला मोजमाप नाही. दरवेळी माझं लक्ष चमत्काराच्या आधी जे घडतं तिथे अडकतं. नियम एका स्त्रीच्या बाजूने आहे, हे तिथल्या प्रत्येकाला आतून कळलंय, आणि तो उच्चारायची हिंमत विदुर आणि एका तरुणाशिवाय सभेतल्या कुणात नाही. इथे एक जग स्वतःचा नियम पाळायला कचरतं. पुढचं सगळं युद्ध त्या कचरण्याची किंमत आहे, असं मी मानते. आणि हेच महाभारत पुढे नियम किती काटेकोर पाळतं तेही बघा. दुसऱ्या द्यूताची अट अशी की बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास, आणि त्या वर्षात ओळखले गेलात तर पुन्हा बारा वर्षं. विराटाच्या गाईंसाठी लढाई जुंपते, अर्जुन उघड होतो, आणि दुर्योधन लगेच म्हणतो की मुदत संपायच्या आत सापडला. तेव्हा भीष्म हिशेब करतात: दर पाच वर्षांनी दोन अधिक महिने येतात, ते धरले तर तेरा वर्षं होऊन वर पाच महिने आणि बारा रात्री झाल्या आहेत. समोर शत्रूचा रथ उभा आहे आणि सेनेतला सर्वांत म्हातारा योद्धा पंचांग मांडून निकाल देतोय, तोही स्वतःच्या बाजूविरुद्ध. सभेत जे त्यांच्याकडून झालं नाही ते इथे झालं. एवढं मोठं लिखाण करणाऱ्याला हे दोन प्रसंग एकमेकांसमोर ठेवायचं सुचलं, यापुढे मला हात जोडावेसे वाटतात.

हे बोलले की कुणीतरी २०१९ ची लॉर्ड्सवरची विश्वचषकाची अंतिम लढत काढतंच. इंग्लंड आणि न्यूझीलंड, दोघांच्या २४१ धावा. सुपर ओव्हरमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या एकेका जादा षटकात, दोघांच्या १५. मग सामन्यात कोणी जास्त चौकार-षटकार मारले ते मोजलं, २६ विरुद्ध १७, आणि चषक इंग्लंडला. "नियमाची एवढी बाजू घेता, मग हे न्याय्य होतं का?" असा पेच मला टाकतात. माझं मत सांगते. तो नियम वाईट होता. शंभर षटकांच्या घासाघाशीनंतर निकाल चौकारांच्या बेरजेवर लावणं म्हणजे त्या दिवशी एक-एक, दोन-दोन धावांसाठी जीव टाकणाऱ्यांचा अपमान होता. पण तो सामन्याआधी लिहिलेला होता, दोघांनी मान्य केलेला होता, आणि म्हणून निकाल बरोबर होता. क्रिकेटची जागतिक संघटना आयसीसीने त्याच वर्षी तो नियम काढून टाकला, पण चषक परत मागितला नाही. वाईट नियम पुढच्या डावासाठी बदलावा. चालू डावात, आपल्या लाडक्या पात्रासाठी बदलू नये. लिहिताना मला हे शेकडो वेळा स्वतःला सांगावं लागतं, कारण पात्र लाडकं असतं आणि लेखणी आपल्याच हातात असते. त्या दिवशी न्यूझीलंडचा कर्णधार केन विल्यमसन ज्या शांतपणे उभा राहिला, तसा हरलेला नायक लिहायची माझी फार इच्छा आहे.

खेळात एक गोष्ट मात्र अशी आहे जी मला पुस्तकात कधीच करता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर सामने बघण्याचं माझं सर्वांत खोल कारण तेच आहे. तिथे कोणी लेखक नाही. १९४८ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमन शेवटचा कसोटी डाव खेळायला आले. चार धावा झाल्या असत्या तर कसोटीतली सरासरी १०० झाली असती. एरिक हॉलिसने त्यांना शून्यावर त्रिफळाचीत केलं आणि सरासरी ९९.९४ वर थांबली. हे मी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादक म्हणाला असता, फार बेतलेलं वाटतं, बदला. उलटही घडतं. २००१ मध्ये कोलकात्यात भारत १७१ वर गडगडला, ऑस्ट्रेलियाने फॉलोऑन दिला, आणि त्यानंतर लक्ष्मण आणि द्रविड चौथा दिवस अख्खा खेळून काढतात, एकही गडी पडत नाही, ३७६ धावांची भागी होते, लक्ष्मणच्या २८१, द्रविडच्या १८०. सलग १६ कसोटी जिंकून आलेला संघ हरतो. ईडन गार्डन्सवर त्या दिवशी कोणी शाप दिला नव्हता की वर दिला नव्हता. कथेत मला अशा पुनरुत्थानाची आधी तयारी करावी लागते, बी पेरावं लागतं, नाहीतर वाचक मान्य करत नाही. सामन्याला तयारी दाखवायची गरज नसते, कारण तो घडलेला असतो. वास्तवाला जे माफ आहे ते कथेला माफ नाही. हे अंतर कायम अंगात जागं राहावं म्हणून मी सामना बघते.

पुस्तकांबद्दल थोडं. मराठीत अद्भुत म्हणजे मुलांचं वाङ्मय, ही समजूत अजून गेलेली नाही, आणि ती मला टोचते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, म्हणजे आपल्या कादंबरीचा जवळजवळ पाळणाच अद्भुताच्या घरात हलला. त्या काळच्या कादंबऱ्यांत योगायोगांची रेलचेल होती, हे खरं. संकट आलं की कोणीतरी भेटतो आणि ते टळतं. त्यामुळे पुढे वास्तववाद आला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, तेही मला समजतं. पण दोष योगायोगाचा होता, शिक्षा अद्भुताला झाली.

बाहेरच्यांपैकी दोघांचं नाव घेते. टॉल्किन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या आपल्या तीन खंडांच्या कादंबरीसाठी, जी १९५४ आणि १९५५ मध्ये आली, चंद्राच्या कला आणि चालायचं अंतर यांचा मेळ बसवला, आणि तो बसत नव्हता तिथे लिहिलेलं पुन्हा लिहिलं. पौर्णिमा एका प्रसंगात आहे तर दुसऱ्या गावच्या त्याच रात्रीही ती हवी. लढाया, राजे, तलवारी यांची नक्कल पुढे हजारोंनी केली. चंद्राची फार थोड्यांनी केली. उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत अर्थसीच्या बेटांवर जी जादू आणली तिच्यात वस्तूचं खरं नाव कळल्याशिवाय तिच्यावर सत्ता चालत नाही, आणि एक दिवा पेटवला तरी कुठेतरी सावली पडते. पोरगा ताठ्यात एक मंत्र म्हणतो, त्यातून सुटलेली सावली त्याचा पिच्छा पुरवते, आणि संपूर्ण पुस्तक त्या एका चुकीची परतफेड आहे. पातळ पुस्तक आहे. मला ते बहुतेक सात-सात खंडांच्या चळतीपेक्षा मोठं वाटतं.

'निवडलेला' नायक, ज्याच्या जन्माआधीच भविष्यवाणी झाली आहे, तो मला आवडत नाही. भविष्यवाणी ही निकाल ठरवून खेळलेल्या सामन्यासारखी असते. अपवाद एकच: भविष्यवाणी खरी ठरते, पण ती खरी ठरवायला कोणाला काय गमवावं लागेल हे शेवटपर्यंत कळत नाही. कंसाची गोष्ट अशी आहे. त्यामुळे ती टिकली.

टीव्हीकडे येते, कारण इथे माझी मतं सर्वांत तिखट आहेत. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' १९८८ ते १९९० चाललं, ९४ भाग, संवाद राही मासूम रझा यांचे. काळालाच निवेदक करायचा त्यांचा निर्णय हा आपल्या टीव्हीवरचा अद्भुताचा सर्वांत धाडसी निर्णय होता, असं मी म्हणेन. देशातल्या प्रत्येक घराला शेवट ठाऊक होता, तरी रविवारी माणसं जागची उठत नव्हती. तेव्हापासून 'शेवट सांगू नका' म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. जी गोष्ट शेवट कळल्यावर मरते ती आधीही फारशी जिवंत नसते.

परदेशी मालिकांपैकी 'डॉक्टर हू' मला धंद्याच्या दृष्टीने फार शिकवून गेली. १९६३ मध्ये ती सुरू झाली, आणि १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यावर निर्मात्यांनी ठरवलं की मालिकेचा नायक, जो परग्रहवासी आहे, मरताना नवं शरीर घेतो. अडचणीतून नियम जन्मला आणि त्या नियमानेच मालिकेला अनेक दशकं जगवलं. १९७६ मध्ये त्यांनी त्याला मर्यादाही घातली: असं फक्त बारा वेळा होऊ शकतं. उत्तम. मग २०१३ मध्ये मर्यादा येऊन ठेपली तेव्हा त्याला सरळ नव्याने शरीरं बहाल केली. मालिका चालू राहायला हवी होती, हे मला कळतं. तरी मला वाईट वाटलं. त्या बारांपैकी प्रत्येक मरण त्या दिवशी थोडं हलकं झालं.

आपल्या रोजच्या मालिकांत तर मर्यादाच नसते. टीआरपी आहे तोवर गोष्ट चालू. त्यातल्या नटनट्या आणि लेखक काय मेहनत घेतात ते मी जवळून पाहिलं आहे, रात्री लिहिलेला प्रसंग सकाळी चित्रित होतो. माझी तक्रार त्यांच्याशी नाही, न संपण्याच्या अटीशी आहे. ज्या लेखकाला शेवट कधी हे माहीत नाही त्याने पेरलेलं काही उगवूच शकत नाही, कारण कापणीचा दिवस ठरलेला नाही. अमेरिकेत 'लॉस्ट' नावाच्या मालिकेच्या कर्त्यांनी हे ओळखलं. २००७ मध्ये, मालिका जोरात चालू असताना, त्यांनी वाहिनीकडून शेवट २०१० मध्ये करायचं वचन घेतलं आणि ते जाहीर केलं. तो शेवट पुष्कळांना आवडला नाही. पण तारीख मागून घेण्यातली हिंमत मला त्या शेवटापेक्षा मोठी वाटते.

'गेम ऑफ थ्रोन्स'बद्दल मला सगळ्यांत जास्त विचारतात, म्हणून थोडक्यात. २०११ ते २०१९, ७३ भाग. पहिल्या सहा पर्वांत दहा-दहा भाग, मग सात, मग सहा. मूळ कादंबऱ्या मागे पडल्या आणि मालिका पुढे गेली. शेवटी कोण राजा झालं यावर लोक भांडतात, माझं दुखणं वेगळं आहे. सुरुवातीला उत्तरेकडून दक्षिणेकडे जायला अनेक भाग लागत. थंडी, आजार, रस्त्यातली माणसं, सगळं त्या अंतरात घडत होतं, आणि त्या अंतरामुळे एखादी बातमी उशिरा पोचून माणूस मरत होता. शेवटच्या पर्वांत तेच अंतर एका भागात कापलं जाऊ लागलं. ड्रॅगन होतेच, ते मला खटकले नाहीत. रस्ता आखूड झाला, तो खटकला.

यावरून आठवते ती डर्बनची १९३९ ची कसोटी. दक्षिण आफ्रिका विरुद्ध इंग्लंड. दिवसांची मर्यादा नव्हती, निकाल लागेपर्यंत खेळायचं असं ठरलं होतं. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चपर्यंत चालला. इंग्लंडपुढे ६९६ धावांचं लक्ष्य होतं, आणि त्यांनी ५ बाद ६५४ पर्यंत मजल मारली. ४२ धावा उरल्या. मग पाऊस आला, आणि घरी नेणारी बोट केपटाऊनहून सुटणार होती. सामना अनिर्णित. जो सामना निकालासाठी अमर्याद केला, त्यालाच निकाल मिळाला नाही. त्यानंतर अशी अमर्याद कसोटी पुन्हा खेळली गेली नाही. मोठ्या अद्भुत मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा धावफलक वाचायला हवा, कारण बोट सगळ्यांचीच कुठेतरी सुटायची असते.

बाणभट्टाची सुटली. सातव्या शतकात, हर्षाच्या काळी त्याने 'कादंबरी' लिहायला घेतली, प्रेमी जीव जन्म ओलांडून एकमेकांना शोधतात अशी कथा, आणि ती अर्धी टाकून तो गेला. पुढचा भाग त्याच्या मुलाने पुरा केला. तो मुलगा आरंभीच सांगतो की मी हे कवी म्हणून मिरवण्यासाठी हाती घेतलेलं नाही, कथा अपुरी राहिल्याचं भल्या माणसांना दुःख झालेलं पाहिलं म्हणून घेतलं. तेराशे वर्षांपूर्वीसुद्धा वाचक पुढच्या भागासाठी हळहळत होते आणि त्या हळहळीचा मान राखणारा लेखक होता. त्यामुळे तुम्ही रागाने विचारलंत तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. वाट बघणं हा तुमचा हक्क आहे.

तर पुढचा भाग. माझ्या मालिकेचे चार खंड आहेत, हे पहिलं पान लिहायच्या आधी ठरलं होतं, आणि पाचवा होणार नाही, प्रकाशकांनी कितीही म्हटलं तरी. चौथ्याचं शेवटचं प्रकरण लिहून तयार आहे. तिसरा खंड अडला आहे तो एका मृत्यूपाशी: नदीच्या काठावरची ती राणी परत यायला हवी असं तुमच्यापैकी अनेकांनी कळवलंय, मलाही ती फार हवी आहे, पण पहिल्या खंडात मी लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे तिच्या बदल्यात कोणाला जावं लागेल ते ठरत नाहीये. तो माणूस सापडला की खंड येईल. दरम्यान कसोटी सुरू असेल तर मी ती बघणार.